एचआयव्हीची संयुक्त औषधे: कोणता त्रास कोणत्या औषधाचा, आणि त्यावर काय करायचे

एचआयव्हीची गोळी रोज घेणाऱ्याला गोळीचा रंग, आकार आणि वेळ चोख पाठ असते. आत कोणती औषधे आहेत हे विचारले की मात्र गाडी अडते. दुष्परिणाम हाताळायचे तर सुरुवात तिथूनच करावी लागते. ‘एचआयव्हीच्या औषधाने चक्कर येते’ या वाक्याला तसा काही अर्थ नाही. एफाव्हिरेन्झने चक्कर येते, लॅमिव्हुडिनने सहसा येत नाही. अटाझानाव्हिर घेताना डोळे पिवळट झाले तर बहुधा काही बिघडलेले नसते. नेव्हिरापिन घेताना तेच डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाव घ्यावी लागते. तक्रार तीच राहते, पण औषध बदलले की तिचा अर्थ बदलतो.

म्हणून पहिले काम असे करा. डबीवरची औषधांची नावे आणि त्यांपुढचे मिलिग्रॅम एका कागदावर उतरवा. गोळी सुरू केल्याची तारीख लिहा. सोबत जे जे घेता ते सगळे लिहा: ॲसिडिटीचे, झोपेचे, व्हिटॅमिनचे, दम्याचा पंपसुद्धा. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढचे सगळे या कागदाशी ताडून वाचायचे आहे.

एका वेळी तीन औषधे कशाला

एचआयव्ही स्वतःची नक्कल करताना फार धांदरटपणा करतो. उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. प्रत्येकाच्या जनुकीय मजकुरात साधारण ९,७०० अक्षरे असतात आणि सरासरी दर तीन नकलांमागे एक तरी चूक होते. बहुतेक चुका विषाणूलाच भोवतात. पण एवढ्या गर्दीत एखाद्या औषधाला दाद न देणारा विषाणू ते औषध सुरू होण्याआधीपासूनच हजर असू शकतो. औषध एकटे दिले की बाकीचे मरतात आणि त्याला रान मोकळे मिळते. १९८७ साली झिडोव्हुडिन हे पहिले औषध मंजूर झाले तेव्हा ते एकटेच दिले जाई. फायदा दिसे, पण टिकत नसे. तीन औषधांना एकदम चुकवायचे तर एकाच विषाणूत अनेक नेमक्या चुका एकत्र व्हाव्या लागतात, आणि ते फार अवघड असते. १९९६ च्या सुमारास तीन औषधांचे मिश्रण रुळले आणि या आजाराचे रूपच पालटले.

औषधांचे गट विषाणूच्या वेगवेगळ्या कामांत खोडा घालतात. विषाणू सीडी४ पेशीत (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीत) शिरतो, आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो, तो डीएनए पेशीच्या डीएनएत घुसवतो आणि शेवटी लांबलचक प्रथिनाचे तुकडे करून नवे विषाणू जुळवतो. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, एम्ट्रिसिटाबिन, अबाकाव्हिर आणि झिडोव्हुडिन ही डीएनएची माळ ओवताना खोटा मणी म्हणून बसतात, म्हणजे पुढचा मणी ओवता येत नाही. एफाव्हिरेन्झ, नेव्हिरापिन आणि रिल्पिव्हिरिन हे माळ ओवणाऱ्या यंत्रालाच जाम करतात. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘टेग्राव्हिर’ येते (डोल्युटेग्राव्हिर, बिक्टेग्राव्हिर, राल्टेग्राव्हिर) ती डीएनए घुसवण्याचे काम अडवतात. शेवटी ‘नाव्हिर’ असेल (दारुनाव्हिर, अटाझानाव्हिर, लोपिनाव्हिर) तर ती प्रथिन कापणारी कात्री बोथट करतात. कात्रीवाल्या औषधांसोबत रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट थोड्या प्रमाणात दिले जाते. ते इथे विषाणूसाठी नसते. मुख्य औषध यकृताने लवकर मोडून टाकू नये, एवढेच त्याचे काम. याच कामामुळे ते इतर औषधांच्या वाटेत किती येते ते पुढे येईलच.

नेहमीची घडण अशी असते: खोट्या मण्यांची दोन औषधे पायाला आणि दुसऱ्या गटातले एक तगडे औषध वर. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून बहुतेक प्रौढांसाठी पहिली पसंती म्हणून जी गोळी सुचवते तिच्यात टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम असते. तिला थोडक्यात टीएलडी म्हणतात. डोल्युटेग्राव्हिर आणि लॅमिव्हुडिन अशी दोनच औषधांची गोळीही चालते. मात्र त्यासाठी हेपटायटिस बी नसावा, विषाणूने लॅमिव्हुडिनविरुद्ध प्रतिकार कमावलेला नसावा आणि सुरुवातीचा व्हायरल लोड (रक्ताच्या एका मिलिलिटरमधल्या विषाणूंची संख्या) ५ लाखांच्या वर नसावा.

सुरू करण्याआधी काय तपासून घ्यायचे

नंतर एखादा आकडा बिघडला तर तो औषधाने बिघडला की आधीपासून तसाच होता, हे आधीच्या आकड्याशिवाय कळत नाही. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, लघवीतले प्रथिन आणि साखर, उपाशीपोटी रक्तातली साखर, यकृताची एएलटी, हिमोग्लोबिन, सीडी४ पेशींची संख्या, व्हायरल लोड, हेपटायटिस बी आणि सी. वजनही त्याच दिवशी लिहून ठेवा. अबाकाव्हिर द्यायचे असेल तर एचएलए-बी ५७०१ ही जनुकीय तपासणी आधी व्हावी. झिडोव्हुडिन द्यायचे असेल तर हिमोग्लोबिनचा आकडा निर्णायक असतो.

निदान झाल्यावर लवकर सुरुवात करावी, त्याच दिवशी केली तरी हरकत नसते. याला मोठा अपवाद मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाचा आहे. क्षयरोगाचा मेंदूज्वर किंवा क्रिप्टोकॉकल (बुरशीचा) मेंदूज्वर असताना एचआयव्हीचे औषध घाईने सुरू केले तर मेंदूतली सूज वाढून जिवावर बेतू शकते. अशा वेळी आधी संसर्गावर उपचार आणि काही आठवड्यांनी एचआयव्हीची गोळी असा क्रम असतो. जोराची, न थांबणारी डोकेदुखी, मानेत ताठरपणा, बरेच दिवसांचा खोकला किंवा ताप यांपैकी काही असेल तर पहिली गोळी घेण्याआधी सांगा.

गोळी कशी घ्यायची

टीएलडी जेवणासोबत किंवा उपाशीपोटी, दिवसातून एकदा, कधीही चालते. रोज साधारण एकच वेळ ठेवायची, कारण तशी सवय लागते. एफाव्हिरेन्झ मात्र रिकाम्या पोटी आणि झोपताना घ्यायचे. तेलकट-तुपकट जेवणासोबत घेतले तर रक्तातले प्रमाण वाढते आणि चक्कर वाढते. रिल्पिव्हिरिनचे नेमके उलटे आहे. पोटभर जेवणासोबत घेतले नाही तर ते नीट शोषलेच जात नाही, आणि पेलाभर दूध म्हणजे जेवण नव्हे. दारुनाव्हिर आणि अटाझानाव्हिर खाण्यासोबत.

डोल्युटेग्राव्हिर आणि बिक्टेग्राव्हिर यांचे एक वैर ध्यानात ठेवायलाच हवे. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेले ॲसिडिटीचे औषध, कॅल्शियमच्या गोळ्या, लोह, झिंक यांतले धातू या औषधाला पोटातच पकडून ठेवतात आणि ते शोषले जात नाही. डोल्युटेग्राव्हिर या गोष्टींच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्या. कॅल्शियम किंवा लोह असेल तर दोन्ही एकत्र, पण जेवणासोबत, असेही चालते. ॲसिडिटीच्या औषधाला ही सवलत नाही. गोळी रोज इमानेइतबारे घेऊनही व्हायरल लोड खाली येत नसेल तर आधी इथे शोधावे. गरोदरपणात लोह आणि कॅल्शियम दोन्ही सुरू असतात, म्हणून तेव्हा तर हे वेळापत्रक लिहूनच काढा.

गोळी विसरली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका. टीएलडी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर पुन्हा एक घ्या, त्यानंतर झाली तर गरज नाही. गोळ्या मूळ डबीत, आतली ओलावा शोषणारी पुडी न काढता, ३० अंशांखाली ठेवा. न्हाणीघर आणि उन्हात उभी गाडी या दोन्ही जागा वाईट.

गोळी मनाने बंद करू नका, हे सगळेच सांगतात. कारण सांगितले की पटते. मिश्रणातली औषधे शरीरातून एकाच वेगाने जात नाहीत. एफाव्हिरेन्झचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला ४० ते ५५ तास लागतात, सोबतची काही औषधे त्याच्या कितीतरी आधी संपतात. तिन्ही एकदम बंद केली की पुढचे काही दिवस एफाव्हिरेन्झ एकटेच मागे उरते. म्हणजे पुन्हा १९८७ ची चूक, घरच्या घरी. एक दिवसाआड गोळी घेणे किंवा गोळी अर्धी करणे हेही त्यातलेच. विषाणू मरत नाही आणि औषधाची ओळख मात्र करून घेतो.

त्रासाचे वेळापत्रक

प्रत्येक दुष्परिणामाची एक ठरलेली वेळ असते. कागदावरची सुरुवातीची तारीख त्यासाठीच. पहिल्या दोन-चार आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, झोपेची तक्रार, थकवा. यांतले बहुतेक आपोआप निवळते. पहिले सहा आठवडे ॲलर्जी आणि पुरळ यांचे, आणि डोळ्यांत तेल घालून पाहायचा काळ हाच. रक्त, साखर आणि यकृत यांची बिघाडी आठवड्यांपासून महिन्यांत दिसते. मूत्रपिंड, हाडे, वजन, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब महिन्या-वर्षांचा असतो. व्यवहारात उलटेच दिसते: माणसे दुसऱ्या आठवड्यातल्या मळमळीला कंटाळून गोळी सोडतात आणि तिसऱ्या आठवड्यातल्या तापासह आलेल्या पुरळाकडे ‘उष्णता असेल’ म्हणून कानाडोळा करतात.

मळमळ

थोडे काहीतरी खाऊन गोळी घेऊन पाहा, अर्थात ज्या औषधाला उपाशीपोटाची अट नाही तिथेच. सकाळची गोळी रात्री नेऊन पाहा. थोडे थोडे, अनेक वेळा खा. आठवड्याभरात फरक पडला नाही तर डॉक्टर काही दिवसांसाठी उलटीचे औषध देतात, ते गोळीच्या अर्धा तास आधी. ॲसिडिटीचे औषध मनाने घेऊ नका. डोल्युटेग्राव्हिरचे वर सांगितलेच. ओमेप्राझोल आणि त्याच्या कुळातली औषधे रिल्पिव्हिरिनसोबत अजिबात चालत नाहीत आणि अटाझानाव्हिरलाही निकामी करू शकतात. मळमळ महिन्यानंतर नव्याने सुरू झाली असेल, सोबत पोटात तीव्र दुखत असेल, धाप लागत असेल किंवा अंगातले त्राण गेले असेल तर ती पहिल्या आठवड्यातली मळमळ नव्हे. स्वादुपिंडाची सूज, यकृताची सूज किंवा रक्तात लॅक्टिक ॲसिड साठणे यांचा विचार त्याच दिवशी करावा लागतो. शेवटचे दुखणे झिडोव्हुडिनसारख्या जुन्या औषधांचे, विरळ पण जीवघेणे.

जुलाब लोपिनाव्हिरने सर्रास होतात. पाणी आणि क्षार भरून काढणे पहिले. जुलाब थांबवणारे लोपेरामाइड डॉक्टरांना विचारूनच घ्या, कारण रिटोनाव्हिरमुळे त्याचे रक्तातले प्रमाण वाढते. शौचातून रक्त किंवा सोबत ताप असेल तर थांबवणारे औषध घेऊच नका. सीडी४ कमी असताना जुलाबाला गोळीऐवजी एखादा जंतू कारण असण्याची शक्यता बरीच असते.

झोप, स्वप्ने, मन

डोल्युटेग्राव्हिरने झोप उडते. उपाय अगदी साधा: गोळी सकाळी घ्या. बहुतेकांचे तेवढ्यानेच भागते.

एफाव्हिरेन्झचे प्रकरण वेगळे. गरगरणे, डोके जड वाटणे, रंगीत आणि कधी भयंकर स्वप्ने. पहिल्या काही रात्री हे सगळे जोरात असते आणि दोन ते चार आठवड्यांत उतरते. तोवर रात्री गाडी चालवू नका, यंत्रावर काम करू नका. काहींच्या बाबतीत मात्र ते उतरत नाही, कारण त्यांचे यकृत हे औषध सावकाश मोडते. हा जन्मजात भाग आहे, सहनशक्तीचा प्रश्न नाही. उदासी, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार, संशयी होणे यांपैकी काही आले तर चार आठवडे थांबायचे नाही. लगेच सांगायचे आणि औषध बदलून घ्यायचे. हे डोल्युटेग्राव्हिरवरही क्वचित घडते, विशेषतः आधी नैराश्य असलेल्यांत.

पुरळ

इथे घाई नको आणि ढिलाईही नको. सपाट, खाजणारे लाल ठिपके, ताप नाही, तोंड-डोळे ठीक, जेवण चालू: असे पुरळ फोटो काढून डॉक्टरांना दाखवावे. बहुधा गोळी सुरू ठेवून ॲलर्जीच्या औषधावर ते जाते. पण ताप, अंगावर फोड, तोंडात किंवा गुप्तांगावर जखमा, डोळे लाल, चेहरा सुजणे, कातडी सुटणे, डोळे पिवळे होणे यांपैकी एकही खूण जोडीला असेल तर तातडीने रुग्णालय.

नेव्हिरापिन याबाबत सर्वांत वाईट. म्हणूनच ते पहिले १४ दिवस २०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा आणि त्यानंतर दोनदा देतात. पुरळ असताना डोस वाढवायचा नसतो. चांगल्या सीडी४ असलेल्यांना (स्त्रियांत २५० च्या वर, पुरुषांत ४०० च्या वर) हे सुरू केले तर यकृताचा धोका वाढतो. प्रतिकारशक्ती चांगली असणे इथे तोट्याचे ठरते.

अबाकाव्हिरची ॲलर्जी नुसत्या पुरळाने ओळखू येत नाही. ताप, मळमळ, अंगदुखी, घसा-खोकला यांपैकी दोन-तीन गोष्टी एकदम, बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत, आणि प्रत्येक डोसनंतर आधीपेक्षा जास्त: ही तिची चाल. दिसायला साध्या फ्लूसारखी. पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. ही ॲलर्जी असल्याचे ठरले किंवा तशी दाट शंका राहिली, तर अबाकाव्हिर आयुष्यात पुन्हा घ्यायचे नाही, त्याचे कोणतेही मिश्रण नाही. थांबवून बरे वाटल्यावर पुन्हा सुरू केल्यास काही तासांत रक्तदाब कोसळून मृत्यू होऊ शकतो. उरलेल्या गोळ्या परत करा आणि नाव कागदावर लाल शाईने लिहा. एचएलए-बी ५७०१ नसेल तर धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही.

एक संशयित बरेचदा सुटून जातो: कोट्रायमॉक्साझोल. सीडी४ कमी असताना संसर्ग टाळण्यासाठी हे सोबत देतात आणि पुरळ येण्यात त्याचा हात मोठा असतो. दोन्ही कोणत्या तारखेला सुरू झाली ते सांगा, नाहीतर चांगली चाललेली एचआयव्हीची गोळी विनाकारण बदलली जाते.

मूत्रपिंड: दोन वेगळ्या गोष्टी

टीएलडी सुरू झाल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसते आणि घरात चिंता पसरते. डोल्युटेग्राव्हिर क्रिएटिनिन लघवीत सोडणारा एक दरवाजा अर्धवट बंद करते. त्यामुळे पहिल्या चार आठवड्यांत आकडा ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने चढतो आणि तिथेच थांबतो. गाळण्याचे काम जसेच्या तसे सुरू असते, लघवी स्वच्छ असते. शंका असेल तर सिस्टॅटिन सी ही तपासणी खरे चित्र दाखवते.

टेनोफोव्हिरचा खरा त्रास असा थांबत नाही. आकडा महिनोन्महिने चढत जातो. लघवीत प्रथिन दिसते, रक्तातली साखर ठीक असताना लघवीत साखर दिसते, रक्तातला फॉस्फेट घटतो. म्हणून नुसता क्रिएटिनिन पाहून समाधान मानू नका, सोबत लघवीची साधी पट्टी तपासून घ्या. मधुमेह, रक्तदाब, उतारवय, कमी वजन, आधीचा मूत्रपिंडाचा आजार असेल तर जास्त वेळा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांचा मोठा किंवा लांबलेला डोस या औषधासोबत मूत्रपिंडाला एकदम गारद करू शकतो. अंगदुखी-तापाला पॅरासिटामॉल बरे.

हाडांची घनता टेनोफोव्हिरमुळे पहिल्या वर्षा-दोन वर्षांत थोडी उतरते आणि मग स्थिरावते. टेनोफोव्हिरचाच अलाफेनामाइड हा नवा प्रकार, ज्याला टीएएफ म्हणतात, मूत्रपिंड आणि हाडे या दोन्हींना सौम्य असतो. मात्र त्यासोबत वजन आणि कोलेस्टेरॉल जास्त वाढते. फुकट काहीच मिळत नाही.

वजन आणि साखर

डोल्युटेग्राव्हिर आणि बिक्टेग्राव्हिरवर वजन वाढते, टीएएफ सोबत असेल तर आणखी. आजाराने खंगलेला माणूस भरून येतो तेव्हा ही वाढ हवीशीच असते. आधीच चांगले वजन असलेल्यात ती नको असते. वाढ मुख्यतः पहिल्या वर्षात होते. दर महिन्याला एकाच दिवशी, एकाच काट्यावर वजन घ्या आणि सुरुवातीच्या वजनाच्या ५ टक्क्यांवर गेले की बोला. औषध बदलून वजन परत उतरेलच अशी खात्री देता येत नाही. त्यामुळे खाणे आणि चालणे यांकडे वर्षाच्या शेवटी पाहण्यापेक्षा दुसऱ्या महिन्यात लक्ष दिलेले बरे.

डोल्युटेग्राव्हिर सुरू केल्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत रक्तातली साखर एकदम खूप चढल्याची विरळ उदाहरणे आहेत. खूप तहान, वारंवार लघवी, वजन वाढायच्या ऐवजी उतरणे असे दिसले तर त्याच दिवशी साखर तपासा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर डोल्युटेग्राव्हिर त्याचे प्रमाण वाढवते. म्हणून मेटफॉर्मिन दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर सहसा नेत नाहीत.

रक्त, यकृत, पिवळे डोळे

झिडोव्हुडिनने हिमोग्लोबिन उतरते, साधारण पहिल्या तीन महिन्यांत. चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला तपासणी चुकवू नका. जिना चढताना धाप, फिकटपणा, छातीत धडधड ही लक्षणे. नखे काळसर होतात ती याच औषधाने, आणि ती निरुपद्रवी. गाल आणि हातपाय वाळणे मात्र निरुपद्रवी नाही. गेलेली चरबी पुरती भरून येत नाही, म्हणून सुरुवात दिसताच औषध बदलावे.

अटाझानाव्हिरने बिलिरुबिन हे रक्तातले पिवळे द्रव्य वाढते आणि डोळे पिवळे दिसतात, पण यकृताची सूज नसते. एएलटी ठीक आहे ना एवढे पाहायचे. दिसायला नको वाटले तर औषध बदलून मागा, तेही योग्य कारण आहे. कमरेत कळ आणि लघवीत रक्त आले तर मूत्रपिंडात या औषधाचा खडा असू शकतो.

औषधाने नव्हे, बरे होण्याने येणारा त्रास

पहिल्या तीन महिन्यांत, विशेषतः सीडी४ १०० च्या खाली असताना सुरुवात केली असेल तर, जागी झालेली प्रतिकारशक्ती आत दडलेल्या जुन्या संसर्गावर तुटून पडते. गळ्यात गाठी येतात, ताप येतो, क्षयरोगाची लक्षणे उफाळतात, नजर धूसर होते. वाटते की गोळीने आजार आणला. एचआयव्हीची गोळी बहुधा सुरूच ठेवतात आणि त्या संसर्गावर, सुजेवर उपचार करतात. निर्णय डॉक्टरांचा, पण उशीर तुमच्याकडून नको. या काळात नव्याने आलेली डोकेदुखी किंवा नजरेतला बदल दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

इतर औषधांशी भांडण

क्षयरोगाचे रिफाम्पिसिन यकृताला इतके कामाला लावते की डोल्युटेग्राव्हिर लवकर मोडले जाते. म्हणून डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम १२ तासांच्या अंतराने दोनदा घ्यावे लागते, आणि रिफाम्पिसिन संपल्यावरही आणखी दोन आठवडे. टीएलडी एकदा आणि सुटे डोल्युटेग्राव्हिर एकदा अशी सोय असते. दुसरी गोळी घरी आली नाही तर थांबू नका, मागा. फिट्सचे कार्बामाझेपिनही असाच गोंधळ करते. फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन तर टाळलेलीच बरी.

रिटोनाव्हिर आणि कोबिसिस्टॅट यांचे वागणे उलटे: ते यकृताचे हात बांधतात, इतर औषधे साठत जातात. कोलेस्टेरॉलच्या सिम्व्हास्टॅटिनने स्नायू वितळू शकतात. फ्लुटिकासोन किंवा ब्युडेसोनाइडचा दम्याचा पंप, सांध्यात दिलेले ट्रायअम्सिनोलोनचे इंजेक्शन यांचे स्टेरॉइड अंगभर पसरून चेहरा सुजतो, साखर चढते. बेक्लोमेथासोनचा पंप त्यापेक्षा बरा. लिंगताठरतेसाठीचे सिल्डेनाफिल ४८ तासांत २५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. मायग्रेनचे एर्गोटामिन पूर्ण वर्ज्य. वनस्पतीजन्य म्हणून निर्धोक समजले जाणारे सेंट जॉन्स वर्ट एचआयव्हीच्या बहुतेक औषधांची पातळी पाडते. एफाव्हिरेन्झ गर्भनिरोधक इम्प्लांटचा प्रभाव कमी करते, डोल्युटेग्राव्हिर करत नाही.

गोळी काम करते की नाही

अंगाला कसे वाटते यावरून हे कळत नाही. व्हायरल लोड सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि नंतर वर्षातून एकदा. डोल्युटेग्राव्हिरवर बहुतेकांचा आकडा तीन महिन्यांत ५० च्या खाली जातो. मध्येच एकदा ५० ते २०० च्या दरम्यान उडी मारून परत खाली आला तर काळजी नसते. १,००० च्या वर असेल तर आधी गोळ्या चुकल्या का, धातूंच्या गोळ्यांशी गाठ पडली का हे शोधून, दुरुस्त करून, तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. व्हायरल लोड टिकून २०० च्या खाली असलेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून एचआयव्ही पसरत नाही. २०१६ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर अभ्यासांत अशा जोडप्यांत जोडीदाराकडून झालेला एकही संसर्ग आढळला नाही. स्तनपानाला हे वाक्य लागू नाही. तिथे धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही.

औषध बदलून मागताना

‘मला ही गोळी सोसत नाही’ एवढ्यावर काही हाती लागत नाही. तक्रार काय, गोळी सुरू केल्यापासून कितव्या दिवशी आली, गोळी घेतल्यावर किती तासांनी येते, वाढते आहे की उतरते आहे, आणि गेल्या महिन्यात किती गोळ्या चुकल्या हे सांगा. चुकलेल्यांचा आकडा खरा सांगा, कारण त्यावरून विषाणूच्या औषधप्रतिकाराची तपासणी करायची की नाही हे ठरते.

बदलण्याआधी दोन गोष्टी तपासल्याच पाहिजेत. पहिली, पूर्वी कोणती औषधे निकामी ठरली होती. नव्या मिश्रणात तेच औषध आले तर तीनची दोन किंवा दोनचे एकच उरते. दुसरी, हेपटायटिस बी. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात, त्यामुळे हेपटायटिस बी असलेल्याचे टेनोफोव्हिर अचानक काढले तर यकृताचा भडका उडू शकतो. दर दोन महिन्यांनी घ्यायच्या काबोटेग्राव्हिर-रिल्पिव्हिरिन इंजेक्शनवर जायचे असेल तरी हाच प्रश्न आधी विचारा, कारण त्यांतले एकही हेपटायटिस बीवर चालत नाही. शिवाय ही इंजेक्शने बंद केल्यावर त्यांचा अंश अंगात वर्षभर किंवा जास्तही रेंगाळतो, म्हणून पुढच्या इंजेक्शनची तारीख टळेल त्याच वेळी तोंडावाटे पूर्ण मिश्रण सुरू व्हावे लागते.

नवी गोळी हातात आली की जुनी कधी थांबवायची ते स्पष्ट विचारून घ्या. साधारणपणे शेवटच्या जुन्या डोसच्या दुसऱ्याच दिवशी नवी सुरू होते, मध्ये रिकामा दिवस नसतो. कागदावर नवी नावे, नवी तारीख लिहा. व्हायरल लोड पुन्हा ४ ते ८ आठवड्यांनी.